मत ताईंचं, बोटही ताईंचंच

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवून मतदानाचा थोडा इतिहास सांगतो.

आमच्या गटात एक ताई आहेत. त्यांना दिसत नाही. पण कुणाचा हप्ता राहिलाय, हे वहीच्या आधी त्या सांगतात. एका निवडणुकीनंतर आम्ही सहज विचारलं, "ताई, मत दिलं ना?" त्या म्हणाल्या, "दीर घेऊन गेले होते. बटण त्यांनीच दाबलं. कुठलं, ते त्यांनाच माहीत." आम्ही गप्पच झालो.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. पण ज्यांना चिन्हही दिसत नाही, त्यांचं काय? १९६१ च्या नियमांत सोबती नेण्याची सोय आहे. सोबती १८ वर्षांचा हवा, त्यानं मत गुप्त ठेवायचं, आणि एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. म्हणजे सोबत्यानं ताईंच्या मनातलं बटण दाबायचं, स्वतःच्या मनातलं नाही!

पुढची पावलं हळूहळू पडली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मतदान केंद्रांवर रॅम्प लावायला सांगितलं. त्याच वर्षी हैदराबादच्या आसिफनगर पोटनिवडणुकीत यंत्रावर ब्रेल आकडे लावून पाहिले. २००९ च्या लोकसभेला ते देशभर आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तर केंद्रासोबत निवडणुकीची माहितीही समजेल अशी देणं आयोगावर बंधनकारक केलं. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना देशभर घरून मतदानाची सोय मिळाली. त्यासाठी १२ डी अर्ज वेळेत भरावा लागतो.

पण मैत्रिणींनो, रॅम्प केंद्रात नेतो. कुणाला निवडायचं, ते रॅम्प सांगत नाही. उमेदवाराला आपले गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रात लिहून द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेआधी आम्ही बैठकीत सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं मोठ्यानं वाचली. अमक्याला मत द्या, असं कुणी म्हणायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

ताईंना ब्रेल येत नाही. त्यांनी यादीतला अनुक्रम पाठ केला आणि केंद्रात बोटानं बटणं मोजून स्वतः दाबलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शिट्टी वाजली, ती माझ्या बोटानं." कुणाला दिलं, ते आम्ही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तुमच्या गटातही अशी एखादी ताई, मावशी असेल. पुढच्या निवडणुकीआधी तिचं नाव यादीत आहे का बघा, बीएलओंना भेटा, शपथपत्रं वाचून दाखवा. बटण मात्र तिचं तिलाच दाबू द्या.