ऑक्सफर्डची चार मुले

पेनिसिलिनची कथा आपण शाळेच्या क्रमिक पुस्तकात वाचलेली असते. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी उगवली, तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झाले आणि मानवजातीला संजीवनी लाभली, एवढ्यावर ती कथा संपते. परंतु बशीतील जंतू मरणे आणि खाटेवरील रोगी वाचणे यांत बारा-तेरा वर्षांचे अंतर होते. ते अंतर ज्यांच्या देहावर तोलले गेले, त्यांत मोठ्या माणसांपेक्षा मुलेच अधिक होती. त्यांची आठवण क्वचितच निघते.

त्यातले पहिले मूल तर अवघ्या काही दिवसांचे होते. शेफिल्ड येथील रुग्णालयात सेसिल पेन नावाचे एक तरुण डॉक्टर काम करीत. विद्यार्थिदशेत त्यांनी फ्लेमिंग यांची व्याख्याने ऐकली होती. १९३० च्या नोव्हेंबरात त्यांनी बुरशीचा ओबडधोबड अर्क एका नवजात अर्भकाच्या डोळ्यांत घातला. जन्मताना आईकडून झालेल्या परम्याच्या संसर्गाने ते डोळे पिकले होते आणि अशा संसर्गाने तेव्हा कित्येक बालके आंधळी होत. या बालकाचे डोळे वाचले. मात्र बुरशी कधी गुण देई, कधी देत नसे. त्यामुळे पेन यांनी तो नाद सोडला आणि याविषयी एक ओळही छापली नाही. रुग्णालयाच्या जुन्या नोंदी संशोधकांच्या हाती लागल्या त्या १९८० नंतरच्या दशकात.

पुढचा अध्याय ऑक्सफर्डचा. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. औषध न मिळालेले चारही उंदीर पहाटेपूर्वी मेले. त्याच सुमारास डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य माघार घेत होते. युद्धामुळे कोणताही मोठा कारखाना हे काम अंगावर घेईना. तेव्हा प्रयोगशाळेतच रुग्णांच्या शौचपात्रांत, दुधाच्या कॅनमध्ये आणि आंघोळीच्या टबात बुरशीची शेती सुरू झाली. पिंपे भरभरून द्रव गाळावा, तेव्हा चिमूटभर पिवळसर भुकटी हाती यावी, असा तो हिशेब होता.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ही भुकटी प्रथमच एका मरणासन्न रुग्णाला उपचार म्हणून टोचण्यात आली. तो त्रेचाळीस वर्षांचा पोलीस शिपाई होता. गुलाबाचा काटा लागून त्याला जंतुदोष झाला असे पुष्कळ ग्रंथांत लिहिलेले आढळते. त्याच्या कुटुंबीयांनी मात्र पुढे सांगितले, की ती जखम बाँबहल्ल्यातली होती. त्याचा एक डोळा आधीच काढावा लागला होता. औषध सुरू होताच दिवसाभरात ताप उतरू लागला, तो जेवू लागला. पण साठा पाच दिवसांत संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गाळून त्यालाच टोचण्यापर्यंत मजल गेली, तरीही पुरवठा तुटला. रोग उलटला आणि १५ मार्चला तो शिपाई मरण पावला.

औषध हरले नव्हते, ते अपुरे पडले होते. या मृत्यूचा डॉक्टरांच्या मनावर खोल घाव झाला असणार. कारण त्यानंतर त्यांची दृष्टी मुलांच्या खाटांकडे वळली, आणि तिचे कारण अगदी साधे होते : लहान देहाला औषध थोडे पुरते. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यातील सहा प्रमुख रुग्णांपैकी चौघे पंधरा वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या खुब्याची शस्त्रक्रिया चिघळली होती. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाडात पू होऊन विष रक्तात पसरले होते. सहा महिन्यांच्या बालकाला मूत्रमार्गाचा संसर्ग होता. हे तिघेही बरे झाले.

चौथा मुलगा साडेचार वर्षांच्या आसपासचा. गोवरानंतर झालेला जंतुदोष त्याच्या चेहऱ्यावरून डोळ्यांमागील शिरांपर्यंत पोहोचला होता. रुग्णालयात आणले तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. पेनिसिलिनने काही दिवसांत त्याची सूज ओसरली. तो बोलू लागला, खेळण्यांशी खेळू लागला. आणि मग अकस्मात मेंदूतील एक रक्तवाहिनी फुटून तो गेला. रोगाने ती आधीच पोखरून ठेवली होती. शवविच्छेदनात जंतुदोष जवळजवळ निवळलेला आढळला. संशोधकांनी हा मृत्यू झाकला नाही; यशाच्या शेजारीच तो तितक्याच स्पष्टपणे छापला.

आज आपण विचारू : मुलांवर असा प्रयोग करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? संमतीचे नियम सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची, हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ चा. १९४१ साली यांपैकी काहीच नव्हते. औषधाविषयीचे ज्ञानही तोकडे होते. उंदरांना तारणारे हे औषध गिनिपिगांना मारक ठरते, हे पुढे कळले. प्रथम गिनिपिग निवडले असते, तर कदाचित सारे तिथेच थांबले असते. तरीही एक गोष्ट त्या डॉक्टरांच्या बाजूने बोलते. निरोगी मुलाला त्यांनी हात लावला नाही. ज्यांच्यासाठी दुसरा उपाय उरला नव्हता, तीच मुले त्यांनी घेतली. संहिता नसताना सदसद्विवेक हाच नियम होता. पण प्रत्येकाचा विवेक जागा असेलच असे नाही, म्हणून पुढे संहिता लिहाव्या लागल्या.

या कथेचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेचे होते आणि यंत्रसामग्री दिली ती युनिसेफने, म्हणजे मुलांसाठी स्थापन झालेल्या निधीने. थोडे पुरते म्हणून ज्यांना निवडले, त्या मुलांचे ऋण असे मुलांच्याच नावाने फेडले गेले, असे म्हणावेसे वाटते.

तापाने फणफणलेल्या लेकराला आई चमचाभर औषध पाजते, तेव्हा ते संपेल अशी भीती तिच्या मनात नसते. ऑक्सफर्डच्या त्या वॉर्डात ती भीती प्रत्येक सुईबरोबर होती. साडेचार वर्षांचा तो मुलगा वाचला नाही. पण त्याच्या खाटेपाशी जे शिकता आले, त्यावर पुढे असंख्य लेकरे जगली. एवढे तरी आपण विसरू नये.