सडा : पोटखराबा की पाळणा?

गडहिंग्लजवरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते. आजरा मागे टाकून उगमाकडे निघालो की घाटमाथ्याचे सडे दिसू लागतात. उन्हाळ्यात हा कातळ अगदी ओसाड असतो. सातबाऱ्यावर अशा नापीक जमिनीची नोंद 'पोटखराबा' म्हणून होते. खाणींचा इथला इतिहास मला या एका शब्दापासून सुरू झालेला दिसतो.

जांभ्याच्या याच थरात बॉक्साइट असते. 1969 मध्ये बेळगावला ॲल्युमिनाचा कारखाना सुरू झाला. त्याच्यासाठी चंदगडचा कासारसडा, राधानगरीतील दुर्गमानवाडी येथे खाणी चालल्या. त्यांनी काहींच्या हाताला काम दिले, हे नाकारता येत नाही. पण जांभ्याचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी मुरवून झऱ्यांना पुरवतो, आणि खाणीत प्रथम जातो तो हाच थर.

शिवाय हा कातळ पाळणाही आहे. 2009 मध्ये संशोधकांनी आंबोलीच्या सड्यावरच्या एका चिमुकल्या भेकाची 'झँथोफ्रीन टायगरिना' ही नवी जात नोंदवली. सुरुवातीच्या पावसात कातळावरच्या उथळ खळग्यांत त्याची मादी अंडी घालते. डबके आटण्यापूर्वी पिलांना मोठे व्हावे लागते. खाण बुजवून वर झाडे लावता येतील, हे खळगे कसे लावणार? अलास्कातील ग्विचिन लोक कॅरिबूंच्या विणीच्या मैदानावर तेलासाठी खोदाई नको म्हणतात, तेही याच कारणाने : विणीची जागा हलवता येत नाही.

माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यापूर्वी सिंधुदुर्गातील अनेक ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते. म्हणजे खाणविरोध शहरातून लादलेला नव्हता. पुढे 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीनेही संवेदनशील क्षेत्रात खाणबंदी सुचवली. केंद्राने मात्र 2014 ते 2024 या काळात सहा वेळा मसुदाच काढला.

2020 मध्ये उगमाजवळच 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा नवा मासा नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. क्षेत्र 2.11 हेक्टर. निर्णय योग्यच, पण कुंडातले पाणी कुंडात जन्मत नाही. ते वरच्या डोंगरातून, सड्यांतून झिरपत येते. त्या सड्यांची नोंद पोटखराबा म्हणूनच राहणार असेल, तर खाली गडहिंग्लजमध्ये आम्ही नदीची ओटी कोणत्या तोंडाने भरायची?