आचेची लाट आणि सिमेलूची आजी

26 डिसेंबर 2004 नंतरच्या आठवड्यात एक छायाचित्र जगभर फिरले. चहूकडे चिखल, मोडलेली लाकडे, वाकलेले पत्रे, उलथलेल्या मोटारी. आणि मधोमध काळ्या घुमटांची पांढरीशुभ्र मशीद उभी. इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे नावाचा प्रांत आहे, त्याच्या राजधानीतील, म्हणजे बांदा आचे शहरातील ती बैतुर्रहमान मशीद. आमच्या मोहल्ल्यातील एका दुकानात हे चित्र चौकटीत लावलेले आम्ही कित्येक वर्षे पाहत होतो. खाली उर्दूत एक ओळ होती, अल्लाहने आपले घर राखले अशा अर्थाची. दुकानात आलेला माणूस ते पाहून सुब्हानल्लाह म्हणायचा आणि साबणाचे पैसे देऊन निघून जायचा.

आम्हीही म्हणालो आहोत. पण त्या चित्रात जे दिसत नाही त्याचाही हिशेब एकदा मांडला पाहिजे असे आम्हाला वाटत आले. त्या एका सकाळी हिंदी महासागराच्या काठावरील 14 देशांत मिळून सुमारे 2 लाख 27 हजार माणसे मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. त्यांपैकी सुमारे 1 लाख 67 हजार एकट्या इंडोनेशियात, आणि तीही जवळजवळ सगळी आचेत. आपल्या देशात अंदमान-निकोबार, तामिळनाडू, पुद्दुचेरी, आंध्र, केरळ धरून मृत आणि बेपत्तांचा आकडा 16 हजारांच्या घरात गेला.

आधी कारण पाहू. आपला भारतीय उपखंड ज्या भूपट्टावर बसला आहे, तो पट्ट समुद्रतळाखाली पूर्वेकडेही पसरलेला आहे. सुमात्राच्या पश्चिमेला तो शेजारच्या पट्टाखाली दरवर्षी काही सेंटिमीटर या वेगाने घुसत असतो. नख वाढावे इतकी ही गती. मात्र ही सरक सुरळीत होत नाही. दोन्ही पट्ट एकमेकांत अडकून बसतात, वरच्या पट्टाची कड खाली ओढली जाते, वाकते, आणि शतकानुशतके तशीच ताणलेली राहते. वाकवून धरलेली बांबूची कांब हातातून सुटावी तशी ती त्या रविवारी सुटली. स्थानिक वेळ सकाळी 7 वाजून 58 मिनिटे. हादरा 9.1 तीव्रतेचा; काही शास्त्रज्ञ तो 9.3 मानतात. भेग सिमेलू बेटाजवळ सुरू झाली आणि उत्तरेकडे अंदमानपर्यंत सुमारे 1300 किलोमीटर फाटत गेली. या फाटण्याला आठ-दहा मिनिटे लागली. समुद्रतळ काही ठिकाणी काही मीटर वर उचलला गेला, काही ठिकाणी खचला. त्याच्यावरचा पाण्याचा सगळा थर हलला आणि दोन्ही दिशांना धावत सुटला. खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगाने जाते, पण तिची उंची इतकी थोडी असते की होडीतल्या माणसाला कळतही नाही. किनारा उथळ होऊ लागला की तिचा वेग कमी होतो आणि मागचे पाणी पुढच्यावर चढते.

बांदा आचेत भूकंपाने काही इमारती पडल्या. लोक रस्त्यावर आले, कलमा पढले, आप्तांची चौकशी करू लागले. किनाऱ्यावर समुद्र मागे हटला आणि तळ उघडा पडला. तडफडणारी मासळी पाहून मुले आणि मोठी माणसेही ती गोळा करायला खाली धावली. हादऱ्यानंतर अर्ध्या तासाच्या आतच पहिली लाट आली. शहराच्या पश्चिमेला ल्होकङाच्या किनाऱ्यावर पाणी 30 मीटरहून वर चढले. वीज तयार करणारे 2600 टनांचे एक जहाज बंदरातून उचलले गेले आणि दोन-तीन किलोमीटर आत, घरांच्या मधोमध जाऊन बसले. ते आजही तिथेच आहे, लोक तिकडे पाहायला जातात.

आता मशिदीकडे येऊ. बैतुर्रहमान किनाऱ्यापासून बरीच आत आहे. 1873 मध्ये डच फौजेने आचेवर हल्ला केला, तेव्हा जुनी मशीद जळाली आणि खुद्द डच सेनापती कोलर तिच्या आवारात मारला गेला. लोकांचा राग निवावा म्हणून डचांनीच 1879 ते 1881 या काळात नवी मशीद बांधून दिली. काम पक्के होते. लाम्पुक गाव तर अगदी समुद्रकाठी. तिथे गाव सपाट झाले आणि एकटी मशीद उरली. ती का उरली याचे उत्तर अभियंत्यांनी दिले. जाड खांब, खालचा मजला चहूबाजूंनी मोकळा, पाणी आले तसे कमानींतून निघून गेले. शिवाय गावकरी मशिदीच्या सिमेंटात चोरी करत नाहीत, घराच्या सिमेंटात परवडत नाही म्हणून करतात. आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत विसर्जनाहून दमून आलेली माणसे ज्यांच्याखाली गाडली गेली, त्या मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती होत्या आणि मातीची जड माळवदे होती. अल्लाहच्या घराबद्दल कृतज्ञता असावीच. पण ती भिंत आणि तो खांब कसा बांधला होता, हे विचारणे म्हणजे नाशुक्री होत नाही.

या किनाऱ्यावर असे पहिल्यांदाच घडले का? नाही. इब्न बतूता 1345 च्या सुमारास ज्या समुद्र-पसाईच्या सुलतानाकडे उतरला, ते बंदर याच उत्तर किनाऱ्यावर. पसाईच्या सुलतानांच्या कबरींसाठी आपल्या खंभातहून कोरीव संगमरवर जहाजांनी जात असे. पुढे सतराव्या शतकात सुरतेजवळच्या रांदेरचे विद्वान नूरुद्दीन रानिरी आचेच्या दरबारात जाऊन बसले. म्हणजे हा मुलूख आपल्या पश्चिम किनाऱ्याला परका नव्हता. याच किनाऱ्यावर चौदाव्या शतकाच्या अखेरीस, 1394 च्या आसपास, एक मोठी लाट येऊन गेली होती. अलीकडे संशोधकांनी किनाऱ्यावरची खापरे आणि जुन्या मुसलमानी कबरींचे दगड गावोगाव मोजून हे दाखवून दिले. सखल भागातील वस्त्या त्या सुमारास एकाएकी बंद पडतात. लामरी नावाचे व्यापारी ठाणे उंच टेकाडावर होते, ते चालू राहते. बऱ्याच काळाने त्याच सखल भागात पुन्हा माणसे वसली आणि त्यांतून आचेची सल्तनत उभी राहिली. कबरींचे दगड होते तिथेच होते. पण ते का ओस पडले हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

सिमेलूवर सांगणारे उरले. हे बेट भूकंपाच्या केंद्राला सर्वांत जवळचे, लाट तिथे आठ-दहा मिनिटांतच पोचली. बेटाची लोकसंख्या तेव्हा सुमारे 78 हजार, आणि मेली सात माणसे. आम्ही हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. 4 जानेवारी 1907 ला या बेटावर लाट आली होती आणि तिने पुष्कळ माणसे नेली होती. वाचलेल्यांनी तिला आपल्या बोलीत नाव ठेवले, स्मोंग. मग आज्यांनी नातवंडांना झोपवताना, म्हाताऱ्यांनी मगरीबनंतर ओट्यावर बसून, आणि बेटाच्या नांदोंग नावाच्या गाण्यांतून ते सांगत ठेवले. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर मासे वेचू नका, म्हशी सोडा, डोंगरावर चला. 97 वर्षांनी जमीन हलली. कोणी तरी स्मोंग म्हणून ओरडले आणि बेट डोंगरावर गेले. कुठले यंत्र नव्हते, भोंगा नव्हता. पॅसिफिक महासागरासाठी हवाईमध्ये 1949 पासून इशारा केंद्र होते, हिंदी महासागराला तसे काहीच नव्हते. आपले हैदराबादचे केंद्र 2007 मध्ये सुरू झाले.

आमच्या कोकणी वाचकांना इथे एक विचारावेसे वाटते. 28 नोव्हेंबर 1945 ला मकरानच्या किनाऱ्यापुढे समुद्रात मोठा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईपर्यंत आली आणि मुंबईतही माणसे वाहून गेली. आपल्यापैकी किती जणांच्या आजीने हे सांगितले?

बांदा आचेत कोणाला काही ठाऊक नव्हते आणि त्याची सर्वांत मोठी किंमत बायकांनी चुकवली. ऑक्सफॅमच्या कार्यकर्त्यांनी आचे बेसार जिल्ह्यातील चार गावे मोजली. वाचलेली माणसे 676, त्यांत स्त्रिया अवघ्या 189. कारणे साधी होती. रविवारची सकाळ, मच्छिमार खोल समुद्रात होते, लाट त्यांच्या होड्यांखालून निघून गेली. काही पुरुष कामासाठी गावाबाहेर होते. बायका घरी होत्या. पोहणे आणि नारळाच्या झाडावर चढणे मुलींना कोणी शिकवले नव्हते. अंगावर पायघोळ कपडे, एक मूल कडेला, एक बोटाला. हात सोडला असता तर कदाचित त्या वाचल्याही असत्या. संध्याकाळी होड्या परतल्या तेव्हा काठावर गाव नव्हते.

यानंतर खुतब्यांतून आणि भाषणांतून जे बोलले गेले ते लिहिताना आमचा हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. हा अजाब आहे, लोकांनी नमाज सोडली, बायकांनी डोक्यावरचा पदर सोडला, म्हणून कोप झाला, असे काही जणांनी सांगितले. आचेत शरियतचे कायदे लाटेच्या आधीच, 2001 पासून आले होते. जाहीर फटक्यांची पहिली शिक्षा जून 2005 मध्ये बिरुएन गावी झाली. मेलेल्यांत जास्त बायका आणि दोषही बायकांवर, हा कुठला न्याय? हदीसमध्ये तर बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा सांगितला आहे. ज्यांना शहीद म्हणायचे त्यांनाच गुन्हेगार ठरवणाऱ्यांनी ती हदीस वाचली नसेल असे आम्हाला वाटत नाही.

शहीदांना गुस्ल नव्हता, कफन नव्हते. उष्ण, दमट हवा, रस्तोरस्ती मृतदेह. उत्खनन यंत्रांनी खड्डे खणले गेले. शहराबाहेर सिरोन येथे एकाच मैदानात 46 हजारांहून अधिक माणसे पुरली आहेत. तिथे नावाचा दगड नाही, हिरवळ आहे. ईदला आणि दर 26 डिसेंबरला लोक येतात, कडेला चटया टाकून यासीन पढतात. आपला माणूस इथे आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. आईसाठी आलेला मुलगा सगळ्या मैदानासाठी दुआ मागून जातो.

मेलेल्यांमागे जमिनी राहिल्या, आणि तो गुंता फार मोठा होता. घर गेले, बांध गेला, झाड गेले, कागद भिजले. कुठे जमीनच समुद्रात गेली. उरलेल्या शेजाऱ्यांनी एकत्र चालत जाऊन हद्दी ठरवल्या, मग नकाशे झाले. वारसाचा प्रश्न त्याहून कठीण. आचेचे लोक शाफई, आपले कोकणी मुसलमानही शाफई, म्हणून हा नियम आपल्याकडील काझींनाही ठाऊक असतो. बाप आणि मुलगा एकाच आपत्तीत गेले आणि आधी कोण गेला हे कळत नसेल, तर ते एकमेकांचे वारस होत नाहीत. प्रत्येकाची मालमत्ता त्याच्या हयात वारसांकडे जाते. किताबात हे एका ओळीत आहे. शरियत न्यायालयांपुढे अशी प्रकरणे ढिगांनी आली, त्यांबरोबर अनाथांच्या पालकत्वाचीही. मुलांना बाहेर नेऊन विकतील या भीतीने सरकारने जानेवारी 2005 मध्ये लहान मुलांना आचेबाहेर नेण्यास बंदी केली. ज्या मालमत्तेला कोणीच वारस उरला नाही, ती सांभाळण्याचे काम बैतुलमालकडे आले.

एक गोष्ट मात्र लाटेमुळे सुटली. 1976 पासून आचेच्या स्वातंत्र्यासाठी सशस्त्र लढा चालू होता, हजारो माणसे मेली होती. 2003 पासून तिथे लष्करी कायदा, मग आणीबाणी. परदेशी माणसाला प्रवेश नव्हता. लाटेनंतर दोन-तीन दिवसांत दार उघडावे लागले. 15 ऑगस्ट 2005 ला हेलसिंकीत करार झाला. बंडखोरांचे एक पुढारी इरवांदी युसूफ लाट आली तेव्हा बांदा आचेच्या तुरुंगात होते. छतावर चढून ते वाचले, तुरुंगातील बहुतेक सोबती बुडाले. डिसेंबर 2006 च्या निवडणुकीत हेच इरवांदी आचेचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. लाटेने तह घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, बोलणी आधीपासून चाचपडत चालू होती. श्रीलंकेतही लाट आली, तिथे युद्ध थांबले नाही.

जगभरातून पैसा आला. पुनर्वसनासाठी नेमलेल्या संस्थेचे काम 2009 मध्ये संपले, तोवर सुमारे 1 लाख 40 हजार घरे उभी राहिली होती. पुष्कळ लोक पुन्हा किनाऱ्यालाच गेले. मच्छिमाराने डोंगरावर राहून काय करायचे? त्यांच्यासाठी लाट आल्यास चढून बसायला उंच, मजबूत इमारती बांधल्या, भोंगे बसवले.

11 एप्रिल 2012 ला दुपारी त्याच समुद्रात 8.6 तीव्रतेचा हादरा बसला. बांदा आचेत लोक मोटारसायकली आणि गाड्या काढून एकदम रस्त्यावर आले. चौकाचौकांत वाहने अडकली, कोणाला पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना. त्या भूकंपात जमीन आडवी सरकली होती, त्यामुळे मोठी लाट उठली नाही. संध्याकाळी गर्दी हळूहळू सुटली आणि लोक घरी गेले.