आयताची परिमिती व क्षेत्रफळ : प्राथमिक स्तरावरील अध्यापन

आयताच्या चारही बाजूंच्या लांबीची बेरीज म्हणजे त्याची परिमिती आणि त्या बाजूंनी वेढलेल्या पृष्ठभागाचे माप म्हणजे क्षेत्रफळ. परिमिती सेंटीमीटर, मीटर अशा लांबीच्या एककांत, तर क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटर, चौरस मीटर अशा एककांत मोजतात. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात या दोन्ही संकल्पना एकाच प्रकरणात येतात. दोन्ही सूत्रांत लांबी आणि रुंदी याच दोन संख्या असल्याने कुठे बेरीज करायची आणि कुठे गुणाकार, याबाबत मुलांचा हमखास घोळ होतो.

घेर मोठा तर जागाही मोठी, ही समजूत मोठ्यांतही जुनी आहे. मेगालोपोलिसचा घेर 50 स्टेडिया आणि स्पार्टाचा 48, तरी स्पार्टा दुपटीने मोठे, हे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही, अशी तक्रार ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात केली होती. झाँ पियाजे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांसमोर सारखी दोन कुरणे मांडली. दोन्हींवर तितकीच घरे ठेवली; एकीकडे चिकटून, दुसरीकडे विखरून. घरे विखुरलेल्या कुरणात गाईला चारा कमी उरतो, असे लहान मुलांनी सांगितले. तुकड्यांची जागा बदलली तरी एकूण क्षेत्रफळ तेच राहते, ही जाण वयानुसार येते. ती येण्याआधी पाठ करून घेतलेले सूत्र फारसे कामाचे नसते.

म्हणून सुरुवात प्रत्यक्ष मोजण्यापासून करणे इष्ट. परिमितीसाठी पुस्तकाच्या कडेने सुतळी फिरवून ती पट्टीवर मोजता येते. क्षेत्रफळासाठी पृष्ठभागावर सारख्या मापाचे चौरस तुकडे फट न ठेवता आणि एकमेकांवर न चढवता मांडावे लागतात. 6 सेंमी लांब व 4 सेंमी रुंद आयतात प्रत्येकी 6 चौरसांच्या 4 ओळी बसतात, तेव्हा लांबी गुणिले रुंदी हे सूत्र मुलांना स्वतःच गवसते. याच आयतावर, चौकटीच्या वहीत, एक ठरावीक चूक होते. परिमिती विचारली की मूल कडेच्या चौकटी मोजते आणि उत्तर 16 देते; खरे उत्तर 20 सेंमी. कोपऱ्यातली चौकट एकच, पण तिच्या दोन बाजू कडेवर असतात. अशा वेळी कडेवरून पेन्सिल फिरवत एकेक बाजू मोजायला लावल्यास चूक मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येते. नुसते ‘सूत्र वापर’ म्हटल्याने ती झाकली जाते, जात नाही.

दोन मापे स्वतंत्र आहेत हे ठसवायला एक कायम ठेवून दुसरे बदलू द्यावे. 24 सेंमी दोऱ्याचा आयत 11 × 1 केला तर क्षेत्रफळ 11 चौसेंमी, 8 × 4 केला तर 32, आणि 6 × 6 चा चौरस केला तर 36. उलट, 1 सेंमी बाजूचे 24 चौरस एका ओळीत मांडले तर परिमिती 50 सेंमी. 6 × 4 मध्ये मांडले तर 20. ग्रामीण शाळेत गुंठ्याचे उदाहरण मुलांच्या ओळखीचे असते. 33 फूट बाजूच्या चौरसाचा एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्याला तारेचे कुंपण 132 फूट लागते. 99 फूट लांब आणि 11 फूट रुंद पट्टीही एक गुंठाच, पण तिला 220 फूट तार लागेल.

एककांचे रूपांतर वेगळे शिकवावे लागते. 1 मीटर म्हणजे 100 सेंमी, म्हणून 1 चौरस मीटर म्हणजे 100 चौसेंमी असे मुले धरून चालतात. प्रत्यक्षात ते 10,000 असतात. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की परिमिती दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते, हेही याच्याशी निगडित आहे. एल-आकाराच्या आकृत्या त्यानंतर घेतात. त्या दोन आयतांत विभागून क्षेत्रफळांची बेरीज करता येते. परिमितीची मात्र तशी करता येत नाही, कारण विभागणारी रेषा दोन्ही आयतांत मोजली जाते.