'एन्डेव्हर': नुसता ट्राय नाही!

आपल्याकडे कुणी "बघतो, ट्राय करतो" म्हणालं की आपण समजून जातो, काम काही होत नाही. पण एखाद्या करारात "वी शॅल एन्डेव्हर" लिहिलेलं दिसलं, तर ते तितकं हलक्यात घेऊ नका. का? दोन्ही शब्दांचा इतिहास बघू.

दोन्ही फ्रेंचमधून इंग्रजीत आले. 'ट्राय'चं मूळ म्हणजे निवडणं, वेगळं काढणं. त्यावरून अर्थ झाला पारखणं, करून बघणं. खटल्याला 'ट्रायल' म्हणतात ते त्यामुळेच. 'एन्डेव्हर'च्या पोटात मात्र 'कर्तव्य' या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. स्वतःला कर्तव्याला जुंपणं, अशा अर्थाच्या वाक्प्रचारातून मध्ययुगीन इंग्रजीत हे क्रियापद तयार झालं. सुरुवातीला तर लोक "मी स्वतःला एन्डेव्हर करतो" अशाच धाटणीने बोलायचे.

१७६८ मध्ये कॅप्टन कुक ज्या जहाजातून निघाला, त्याचं नाव एन्डेव्हर. मुळात ते कोळसा वाहणारं जहाज. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ ते प्रवाळाच्या खडकावर अडकलं. खलाशांनी तोफासुद्धा समुद्रात फेकल्या, वजन कमी केलं आणि भरतीच्या पाण्यावर जहाज सोडवलं. याच जहाजावरून नासाच्या स्पेस शटलला नाव मिळालं, तेही शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून. म्हणून अमेरिकन यान असूनही स्पेलिंग ब्रिटिश! २००७ मध्ये खुद्द नासाच्या लाँचपॅडवरच्या फलकावर ते चुकलं होतं.

आता कोर्टात येऊ. ब्लॅकपूल विमानतळाने २००५ मध्ये जेट-टू या विमान कंपनीशी करार केला. स्वस्त विमानसेवा वाढवण्यासाठी दोघांनी 'बेस्ट एन्डेव्हर्स' करायचे ठरले. २०१० मध्ये विमानतळ म्हणाला, ठरलेल्या वेळेबाहेरची विमानं आम्हाला तोट्यात घालतात, आता बंद. प्रकरण इंग्लंडच्या अपील कोर्टात गेलं. २०१२ मध्ये न्यायाधीशांनी बहुमताने निकाल दिला: तोटा होतो, एवढ्यावर हात झटकता येणार नाहीत.

थोडक्यात, 'ट्राय'मध्ये जमलं नाही तर सोडून देता येतं. 'एन्डेव्हर'मध्ये यशाची हमी नसते, पण झटण्याची जबाबदारी असते. त्यामुळे सही करण्याआधी शब्द नीट वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!