पत्ता कोरा असेल तर?

समजा, बुलडाण्याच्या टपालपेटीत एक पत्र पडले. पाकिटावर नाव आहे, पण गावाची जागा कोरी. आता दोनच वाटा. ‘इथलाच कुणी असेल’ असे धरून माणूस शोधायचा, नाहीतर ‘पत्ता अपुरा’ म्हणून पत्र परत करायचे. संगणकालाही नेमका हाच पेच पडला होता.

संगणकातल्या फाइलला पत्ता असतो. महाराष्ट्र, बुलडाणा, मेहकर, मग गाव. अशी उतरती नावे तिरप्या रेघेने जोडावीत तसा. सुरुवातीलाच रेघ असेल तर मुळापासून मोजायचे, नसेल तर आपण आहोत तिथून. पण पत्त्यात एकही अक्षर नसेल तर?

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कोरा पत्ता म्हणजे ‘इथेच’ असे मानले जाई. पुढे पॉझिक्स नावाचे प्रमाण ठरले. त्याची पहिली आवृत्ती १९८८ची. त्याने कोरा पत्ता नाकारला: अंदाज नको, सरळ ‘अशी फाइल नाही’ म्हणा. तरी जुनी सवय पुरती गेली नाही. पायथन भाषेत कोऱ्या पत्त्याची जागा अस्तित्वात आहे का, असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. त्याच कोऱ्याचा पूर्ण पत्ता मागितला, तर मात्र आपण उभे आहोत ती जागा मिळते!

यात बिघडले कुठे? जानेवारी २०१५मध्ये जगाला ते दिसले. स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्सवरील आज्ञावलीत ‘अमुक कप्प्यातील सारे पुसा’ अशी ओळ होती. फोल्डरची जागा बदलली की कप्प्याचे नाव कधी कोरे राही. मग उरे ती नुसती तिरपी रेघ, म्हणजे मूळच! वापरणाऱ्याच्या साऱ्या फाइली पुसल्या गेल्याची तक्रार तेव्हा गाजली.

आपल्या टपाल खात्यानेही अंदाजावर भिस्त ठेवली नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस. बुलडाण्याचा पिन ४४३००१, खामगावचा ४४४३०३. जिल्हा एकच, पण पहिले तीन आकडेसुद्धा वेगळे. नुसत्या जिल्ह्यावरून कोरी जागा भरणारा इथे हमखास फसेल.

म्हणून जाणते प्रोग्रॅमर पत्त्याची आज्ञा लिहिली की आधी तिला काहीच देत नाहीत. मग नुसते टिंब, नुसती रेघ, नुसती मोकळी जागा देऊन पाहतात. चाचणी क्षणभराची असते. पण ऑनलाइन अर्जात गावाचा रकाना रिकामा राहिला, तर यंत्राने आपल्या मनाचे गाव भरायचे की थांबून आपल्याला विचारायचे, हे त्या क्षणातच ठरते.