कान्हाचा शिष्य आणि उल्हासचा काठ

मायबाप हो, आज जरा फिरायला जाऊ. कोंडाण्याच्या लेण्यापासून निघायचं आणि उल्हास नदीचा काठ धरून थेट कल्याण शहरात उतरायचं. देहाने नाही, मनाने. मनाला तिकीट लागत नाही!

राजमाचीच्या पायथ्याशी, रानात, हे लेणं आहे. दोन हजार वर्षांहून जुनं. बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेलं चैत्यगृह, शेजारी त्यांच्या निवासाचा विहार. आतले खांब खालून झडले. पण दर्शनी भागाची कमान पाहा, हा दगड आहे की लाकूड, असा प्रश्न पडतो. तिथेच एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ एका ओळीचा लेख आहे. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. अर्थ एवढाच की, कान्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं.

हा कान्हा गोकुळातला नव्हे बरं का! हा बलकाचा गुरू. लेखात राजाचं नाव नाही, धन किती लागलं ते नाही, साल नाही. गुरूची ओळख तीच माझी ओळख, एवढं सांगून बलक मोकळा झाला. आपण देवळाला एक पंखा देतो आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालतो! असो.

आता कोणी विचारील, महाराज, रानात एवढं मोठं काम कशासाठी? अहो, तेव्हा ही वाट वाहती होती. खाली कल्याण बंदर, वर घाटमाथा. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा, देशावरचा माल खाली यायचा. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावं असा त्यांचा नेम, आपल्या चातुर्मासासारखाच. वाटेवरच्या लेण्यांत त्यांचा निवास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द धर्माचे.

चला पुढे. कर्जत गेलं, नेरळ गेलं, बदलापूर गेलं, आलं कल्याण. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचं नाव आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं, आणि याच खाडीच्या आश्रयाने आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. दुर्गाडी आजही काठावर उभा आहे. पण मला या शहरातला आणखी एक माणूस फार मोठा वाटतो. सामिदत्त त्याचं नाव, धंदा सोनाराचा. कान्हेरीच्या लेण्यांत त्याचं दान कोरलेलं आहे. सोनाराने काय दिलं असेल? सोनं? नाही. पाण्याची पोढी दिली, खडकात खोदलेलं टाकं! जन्मभर सोनं तोलणाऱ्याला पाण्याचं मोल कळलं होतं.

आणि आता वारकऱ्यांनी कान देऊन ऐका. कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे, १९२२ सालचं. त्याला पाणी येतं घाटावरच्या आंद्रा नदीचं, ठोकरवाडीच्या धरणातून. ही आंद्रा मूळची इंद्रायणीला मिळणारी. म्हणजे जे पाणी देहू-आळंदीवरून, भीमेतून पंढरपुराकडे जायचं, त्यातलं काही घाट उतरतं, वीजघराची चाकं फिरवतं आणि उल्हासला येऊन मिळतं. म्हणून वैशाखातही उल्हास वाहती राहते. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, किती गावांच्या नळाला हे पाणी! आळंदीला जाऊन जिला आपण हात जोडतो, तिचंच पाणी आपल्या दारी आलंय.

त्या पाण्याचं आपण काय केलं? सांडपाणी सोडलं, कारखान्यांची घाण सोडली, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून निर्माल्य सोडलं. मग उन्हाळा आला की नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. वरून छान दिसतो, खाली पाणी गुदमरतं. सांडपाणी अडवणं सरकारचं, नगरपालिकेचं काम आहे, ते त्यांच्याकडे मागायलाच हवं. पण पिशवीची गाठ कोणाच्या हातची? ती तर आपल्याच हातची ना?

सामिदत्ताने तहानलेल्यासाठी दगड फोडून पाणी साठवलं. आपल्याला दगड फोडायचा नाही. निर्माल्य घरच्या तुळशीच्या, झाडाच्या मुळाशी घाला, नदी नदीसारखी राहू द्या. एवढं केलं तरी उल्हासच्या काठी आपलंही नाव राहील. ते कोरायची गरज नाही.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!